ठिपक्यांचा राजा

गोष्टीतल्या राजाला आज मारून टाकायचं, असं रखमाजी गुरुजींनी सकाळच्या चहालाच ठरवलं.

"कुणाला मारताय?" चुलीपुढून साखरबाईंनी विचारलं. मनातलं मोठ्यानं बोलायची गुरुजींची सवय शाळेतून निवृत्त झाल्यावरही गेली नव्हती.

"ठिपक्यांच्या राजाला."

"मारा, मारा. निदान टोपल्यातल्या भाकरी तरी माणसांच्या पोटात जातील."

राजाचा जन्म गुरुजींच्याच ओट्यावर झाला होता. केंदूरच्या शिवारात बिबट्या फिरायला लागल्यापासून वस्तीवरच्या पोरांचं खेळणं बंद झालं होतं. शाळेतून आली की ती घरात कोंडलेली. कुत्रं भुंकलं तरी दचकायची, आईचा पदर सोडायची नाहीत. त्यांची भीती जरा हलकी व्हावी म्हणून गुरुजींनी त्यांना रोज दुपार कलताना ओट्यावर बसवून एक गोष्ट सांगायला घेतली. उसाचा एक समुद्र आहे. त्यातून एक राजा चालतो, पण त्याच्या पावलांचा आवाज होत नाही. त्याच्या अंगावरचा प्रत्येक ठिपका म्हणजे मिटलेला डोळा. जगात कुठंही कुणी एकटं पडलं की त्यातला एक डोळा उघडतो. राजा ज्याला नावानं हाक मारतो, त्याला तो उसाच्या पलीकडच्या देशात घेऊन जातो. तिथं दिवा न लावताही उजेड असतो.

गुरुजींच्या मनात सगळं चोख होतं. ऊस म्हणजे संसार. राजा म्हणजे परमेश्वर. पलीकडचा देश कोणता, ते आत्ता सांगायची गरज नव्हती. अर्थ बियासारखा पेरून ठेवायचा, पोरं मोठी झाली की उगवेल, असा त्यांचा हिशेब होता.

तो आठवडाभरातच उगवला.

शेजारची तेजश्री एका संध्याकाळी ओट्याशी येऊन उभी राहिली. शिक्रापूरच्या कंपनीतली ड्यूटी करून आलेली, खांद्याची पिशवीही अजून उतरवलेली नव्हती.

"गुरुजी, तुमच्या राजाला सांगा, आमच्या पोरीला हाक मारू नगं."

"का गं? काय झालं?"

"काल दिस बुडताना सृष्टी घरात न्हाई. हुडकते तर ही बया भिमाजीआप्पाच्या उसाच्या बांधावर उभी. हातात भाकरी. म्या म्हणलं, काय करतीस गं हितं? तर मला म्हणती कशी, 'आई, गप ऱ्हा की. हाक येती का ऐकतीया.'"

भीती घालवायला निघालेल्या माणसानं ती जरा जास्तच घालवली होती. त्या बांधावर आधल्या आठवड्यातच पंजाचे ठसे उमटले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गोष्टीत दुरुस्ती केली. राजानं फर्मान काढलं की कुणीही उसाजवळ यायचं नाही.

पोरं विचारात पडली. मग सृष्टी म्हणाली, "परीक्षा घेतोय त्यो. खरं कोण येतंय ते बघतोय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या संध्याकाळी बांधावर आणखी भाकरी दिसल्या.

त्याच्या पुढच्या दिवशी गुरुजींनी राजाला क्रूर केलं. त्यानं एका गरीब म्हातारीचं कोकरू खाल्लं. एवढं ऐकून पोरं घाबरतील असं गुरुजींना वाटलं होतं. पण सृष्टी डोळे बारीक करून म्हणाली, "त्यो राजा न्हाईच. राजाचं सोंग घेऊन कुणीतरी आलंय. खरा राजा कुठंतरी डांबून ठेवलाय."

"उपाशी आसंल मग," दुसरं एक पोर हळहळलं. बांधावर भाकरीसोबत गूळही जाऊ लागला.

उभी हयात शिकवण्यात गेलेल्या गुरुजींना असे विद्यार्थी कधी भेटले नव्हते. शेवटी त्यांनी सरळ सांगून टाकलं. "पोरांनो, राजा म्हणजे खरा बिबट्या नव्हे. मी देवाबद्दल बोलत होतो. राजा म्हणजे देव."

पोरांनी एकमेकांकडं पाहिलं.

"म्हंजी," सृष्टीनं हळूच विचारलं, "भिमाजीआप्पाच्या उसात देव हाय?"

दुसऱ्या दिवशी बांधावरच्या भाकरीला हळदकुंकू लागलेलं होतं आणि शेजारी उदबत्ती जळत होती.

म्हणून आज राजाला मारायचं होतं. त्यातच सकाळी वनखात्याच्या माणसांनी येऊन भिमाजीआप्पांच्या उसाच्या कडेला पिंजरा लावला. लांबलचक लोखंडी पिंजरा. मागच्या टोकाला जाळीआड आप्पांची शेळी, तिच्यापुढं एक फळी. जनावर शेळीसाठी आत शिरलं, फळीवर पाय पडला, की आकडा सुटून त्याच्या पाठीमागं दार खाली येणार. सत्यजीत नावाच्या तरुण वनरक्षकानं सगळ्या वस्तीला ते समजावून सांगितलं, आणि त्या बाजूला कुणी फिरकू नका म्हणून बजावलं. पोरं पुढच्या रांगेत उभी राहून ऐकत होती. राजाला डांबायचं ठिकाण त्यांना आता डोळ्यांनी दिसलं होतं.

दुपारी गुरुजींनी राजाला मारलं. मरण चांगलं लांबवून, पुन्हा पुन्हा सांगितलं, कारण पोरांना ते पटेना. आवाज चढवून सांगता सांगता त्यांचा घसा पार बसला. शेवटी पोरं रडली. गुरुजींनाही वाईट वाटलं, पण सुटल्यासारखंही वाटलं.

सृष्टीनं बाहीनं नाक पुसलं. "मग परत कवा येणार?"

"अगं, मेला तो," गुरुजी घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"व्हय. पण परत कवा येणार?"

दिवस मावळायला आला तशी नदीकडून धुकं चढायला लागलं. तेजश्री पुन्हा ओट्याशी आली.

"पोरगी घरात हाय, बाहेरनं कडी घातलीया," ती आधीच म्हणाली. "पर तिची ताटली न्हाई. नाव घातलेली, वाढदिसाची. इचारलं तर म्हणती, राजा परत येईल तवा उपाशी नगं म्हणून त्याच्या घरात ठिवलीया. सकाळी जाऊन आणीन म्हणती."

त्याच्या घरात. गुरुजी उठलेच. आज कडी होती, पण तेजश्री पहाटेच्या ड्यूटीला गेल्यावर काय? पोर ताटली आणायला पिंजऱ्यात शिरणार. "आलोच," असं घरात ओरडायला त्यांनी तोंड उघडलं, पण नुसती हवा बाहेर आली. मोबाइल चार्जिंगला होता. तो तिथंच राहिला.

बांधावर धुकं इतकं दाट होतं की ऊस दिसत नव्हता, नुसता जाणवत होता. वारा नसताना मधेच एखादं पान सळसळे आणि थांबे. पिंजरा अचानक समोर आला. दार वर उचललेलं. दाराच्या आत दोन हातांवर ताटली, तीत भाकरी, भाकरीवर गुळाचा खडा. फळी बरीच पुढं, शेळीजवळ होती. तिथपर्यंत जायचंच नव्हतं. गुरुजी वाकून आत शिरले आणि ताटलीला हात लावला.

मागं दार धाडकन खाली आलं.

आधी त्यांनी ते उचलून पाहिलं. मग हलवून पाहिलं. मग शेळीकडं पाहिलं. शेळी शांतपणे रवंथ करत होती. बरोबर आणखी कुणी आलंय, याचं तिला बरंच वाटत असावं.

गुरुजींनी हाका मारायला सुरुवात केली. बसलेल्या घशातून शब्द फुटेना, निघाली ती खोल घरघर. त्यांनी जीव एकवटून ओरडून पाहिलं आणि ताटली गजांवर आपटली.

लांब वस्तीवर दारं वाजली. कुत्री भुंकली. मग देवळावरचा भोंगा खरखरला आणि धुक्यातून भिमाजीआप्पांचा आवाज आला.

"वस्तीवरच्या समद्या लोकान्ला कळविण्यात येतं, का बिबट्या पिंजऱ्यात घावलेला हाय! लई पिसाळलाय. लोखंड फोडायला लागलाय. तरी समद्यांनी दारं लावून घ्यावी. फॉरेस्टची गाडी येईस्तवर कुणीबी तिकडं फिरकायचं न्हाई!"

"मी आहे! मी!" गुरुजी किंचाळले.

"ऐका, ऐका! कसा गुरगुरतोय!" भोंगा म्हणाला.

वस्तीवरची दारं एकेक करून बंद झाल्याचे आवाज आले. मग काहीच आवाज आला नाही. गुरुजी ताटली मांडीवर घेऊन बसले. शेळीचं रवंथ तेवढं चाललं होतं. त्या आवाजाचा त्यांना आधार वाटायला लागला होता.

तोही थांबला.

शेळी दगडासारखी उभी होती. गुरुजींनी मान न हलवता बाजूला पाहिलं. मघाशी जिथं नुसतं धुकं होतं, तिथं धुक्याला ठिपके आले होते. पावलांचा आवाज झाला नव्हता. तो गजांच्या कडेकडेनं चालत गेला, मागून वळला, दुसऱ्या बाजूनं आला. उग्र, ओला वास आला. दारापाशी येऊन त्यानं पंजा घातला. दार हललं, पण उघडलं नाही. मग तो गुरुजींच्या समोर बसला आणि बघायला लागला.

हे सगळं गुरुजींनी आधीच सांगितलेलं होतं. धुकं, न वाजणारी पावलं, वाट बघत बसणं. आपण सांगितलेल्या गोष्टीत आपणच बसलोय, असं त्यांना वाटलं. त्याच्या खांद्यावरचा एक ठिपका उघडतोय की काय, म्हणून ते टक लावून बघत राहिले.

तेवढ्यात धुक्यातून हाक आली.

"रखमाजीऽऽ..."

गुरुजींच्या ओठांवर "ओ" आलं होतं. समोरचे दोन डोळे पापणी न लवता बघतच होते.

"...रखमाजी गुरुजी जिथं आसतील तिथनं त्यांनी ताबडतोब घरी यावं," भोंगा पुढं म्हणाला. "साखरबाई वाट बघत्यात. आन् गुरुजी, येताना उसाच्या बाजूनं येऊ नका!"

गुरुजींना हसूही येईना आणि रडूही. त्यांनी ताटली घट्ट धरली. किती वेळ गेला कळलं नाही. शेवटी रस्त्याकडून गाडीचा उजेड धुक्यात पसरला. बिबट्या उठला, उसात शिरला. ऊस हललासुद्धा नाही.

मग बॅटऱ्या, काठ्या आणि व्हिडिओ काढायला वर धरलेले मोबाइल घेऊन माणसं आली. सगळ्यात पुढं भिमाजीआप्पा.

"आरं, हे तर गुरुजी!" आप्पांच्या आवाजात सुटकेपेक्षा निराशा जास्त होती. "गुरुजी, तुमी कशाला घावला?"

साखरबाई गर्दीतून पुढं आल्या. नवरा, शेळी आणि ताटली, तिन्ही धड आहेत असं बघून त्या म्हणाल्या, "भाकरीच पायजेल व्हती, तर घरात कमी व्हत्या का?" मात्र डोळे पुसायला त्यांनी पदर वर नेला होता.

सत्यजीतनं दार उचलून गुरुजींना बाहेर काढलं. पिंजऱ्याभोवतीचे ओले ठसे आणि दारावरचे ओरखडे त्यानं वाकून पाहिले. मग बॅटरी घेऊन आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

"गुरुजी, फळीवर पाय दिला व्हता का?"

गुरुजींनी नाही म्हणून मान हलवली.

"तेच म्हणतोय. फळी वरच हाय. आकडाबी जागच्या जागी अडकलेला. मग दार पडलं कसं?" त्यानं डोकं खाजवलं. "दोर सरकला आसंल. पण सरकला ते बरं झालं. दार उघडं आसतं, तर..." त्यानं पुन्हा ओरखड्यांकडं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर पोरांची गर्दी मावेना. गुरुजींचा आवाज आता इतका गेला होता की ते कुजबुजत होते, आणि ऐकायला पोरं त्यांच्या गुडघ्यांवर चढली होती. सृष्टीच्या मांडीवर तिची ताटली होती.

"राजा आला व्हता?"

"वाघरू आलं होतं," गुरुजी कुजबुजले. "भुकेलं होतं. माझ्यापुढं बसलं, बराच वेळ बघितलं. पण मला नावानं हाक मारली नाही. त्याला माझं नाव ठाऊकच नव्हतं."

"भोंग्यावरनं हाक आलेली की!"

"ती भिमाजीआप्पांची. आप्पा राजा आहेत का?"

पोरं फिदीफिदी हसली. सृष्टी हसली नाही. ती ताटलीतल्या आपल्या नावावरून बोट फिरवत होती.

"नाव म्हाईत न्हाई, म्हंजी त्यो राजा न्हाईच," ती शेवटी म्हणाली.

"नाही. ते जनावर आहे. त्याच्यापुढं भाकरी घेऊन गेलं, तर ते भाकरीकडं बघणार नाही."

सृष्टीनं गुरुजींच्या हाताकडं पाहिलं. ताटली धरून धरून बोटांवर वळ उठले होते. "आमी न्हाई जाणार मग उसाकडं," ती म्हणाली. "कुणीच न्हाई जायचं रं." सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि या खेपेला त्यांच्या डोळ्यांत गुरुजींना हवी होती तेवढीच भीती होती.

गुरुजींनी डोळे मिटले. इतक्या दिवसांत जे सांगून झालं नव्हतं, ते एकदाचं झालं होतं.

"गुरुजी, एक इचारू?"

"विचार."

"वाघरू आलं, तवा दार लागलेलं व्हतं म्हणून तुमी वाचला."

"हो."

"आन् फळीवर तर तुमी पाय दिलाच न्हाई."

"नाही."

"मग दार कुणी लावलं?"

गुरुजींनी तोंड उघडलं. दोर सरकला असेल, असं सांगायचं होतं. पोरं वाट बघत होती. ओट्यासमोरच्या रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज विरला, तरी ती वाट बघत होती. शेवटी गुरुजींनी घशाला हात लावून आज आवाज नाही, अशी खूण केली.

त्या संध्याकाळी वस्तीवरचं प्रत्येक पोर दिवस मावळायच्या आत घरात होतं. बांधावर ना भाकरी होती, ना उदबत्ती. साखरबाईंनी जेवायला वाढण्यासाठी टोपलं उघडलं, तर एक भाकरी कमी. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. कडी लावलेल्या खिडकीत, आतल्या बाजूला, घरातल्याच एका ताटलीत ती झाकून ठेवलेली होती. गुरुजी भिंतीकडं तोंड करून, काही ठाऊकच नसल्यासारखे बसले होते.

साखरबाईंनी झाकण उचलून पाहिलं.

"नुसतीच ठिवली व्हय?" त्या म्हणाल्या, आणि डब्यातून गुळाचा खडा काढून भाकरीवर ठेवला.