वानरांचं पान

पाटील समोर आले तर आमच्या बोरीचे दिगंबर मास्तर नुसती मान हलवायचे. माळवदावर वानर दिसलं की मात्र टोपी काढून म्हणायचे, "रामराम, आजोबा."

आता अशा माणसाला काय म्हणावं? शाळेत ते सायन्स शिकवायचे, मी गणित. निजामाच्या राज्यात आम्ही दोघंही उर्दूत शिकलेले. राज्य गेलं अन् मराठीतून शिकवायची पाळी आली. मी पाढ्यांवर निभावलं. मास्तरांनी कुठूनसं एक पुस्तक पैदा केलं, माणूस वानरासारख्याच कुणापासून झाला असं त्यात वाचलं, आणि गावाच्या डोक्याला ताप झाला.

बरं, देवपूजा एक दिवस चुकवायचे नाहीत. मी विचारलं, "माणूस ब्रह्मदेवानं केला का वानरापासून झाला, एक काय ते सांगा की." तर म्हणाले, "ब्रह्मदेवाला काय घाई व्हती? केला असंल हळूहळू."

'आनखी मागं जा' हे त्यांचं पालुपद. पाटील घराण्याची थोरवी सांगायला लागले की मास्तर सुपारी कातरत म्हणायचे, "आनखी मागं जा, पाटील. शेवटी शेपूटच हाताला लागंल." पाटलांनी बोलणं टाकलं ते टाकलंच.

खरा कहर पितृपंधरवड्यात. "बाप, आजा, पणजा, तिघांचीच नावं घेता. त्यांच्या मागचे काय उपाशी बसलेत?" असं म्हणत मास्तर वडिलांच्या तिथीला कावळ्याच्या घासाच्याही आधी मागच्या भिंतीवर वानरांसाठी भात, वडे, खीर असं भरलं पान मांडायचे. शेजारी खिरीचा एक लहानसा द्रोण. तो कुणाचा, विचारलं तर म्हणायचे, "असतंय एखादं बारकं." वानरं जेवून उठायची ती थेट आमच्या पेरूवर. माझी बायको करवादायची, "पूर्वज त्यांचे अन् पेरू आमचे."

एका वर्षी वानरानं श्राद्ध सांगायला आलेल्या जोशीबुवांच्या हातातली शिध्याची झोळीच पळवली. पुढच्या वर्षी बुवा तयारीनं आले. पाटावर बसले आणि म्हणाले, "मास्तर, ते पान आधी उचला. नाहीतर मी निघालो. वडील उपाशी गेले तर मला बोल लावू नका."

मी जेवायला होतो. मनातून खूशच झालो, पेरू वाचले. आता मास्तर 'आनखी मागं जा' म्हणणार म्हणून वाट बघत बसलो. पण शेतीचे बैल विकून शिकवलं होतं त्यांना वडिलांनी. मास्तर उठले, भिंतीवरचं पान उचलून आत आणून ठेवलं. पुन्हा गेले आणि द्रोणाला हात लावून तसेच उभे राहिले.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून काकू बोलल्या. मास्तरांची बायको परक्या पुरुषांसमोर बोललेली मी कधी ऐकली नव्हती.

"पान नेलं ते नेलं. द्रोण राहू द्या. माझ्या लेकीचा हाय तो."

लेक? भिंतीला भिंत लावून राहिलो एवढी वर्षं, मला पत्ता नाही. नंतर कळलं, बोरीला यायच्या आधी पेडगावला, काकूंच्या माहेरी झाली होती आणि बारशाच्या आधीच गेली. एवढ्याशा लेकराला ना पिंड, ना तिथी.

मास्तर भिंतीकडंच तोंड करून म्हणाले, "बुवा, तुमच्या पोथीत तिला जागा न्हाई. म्हणून मागं जात ऱ्हायलो. लय मागं गेलो, तर तिथं कुणालाच नाव न्हाई. म्हटलं, त्यांच्या पंगतीत ही खपून जाईल. एखादी आजी घील मांडीवर."

मला पेरूंची लाज वाटली.

जोशीबुवा पळी ठेवून उठले. मग आत आणलेलं पान स्वतः नेऊन द्रोणाशेजारी ठेवलं, येऊन पाटावर बसले आणि विधी सुरू केला. बापाचं पाणी सुटलं, आज्याचं, पणज्याचं. बुवांनी मास्तरांच्या ओंजळीत आणखी एक पळी पाणी घातलं आणि सवयीनं विचारलं, "नाव?"

"ठेवायचं राहून गेलं," मास्तर म्हणाले आणि त्यांनी पाणी सोडलं.