पातेलंवाली माय

सुदामभाऊ कुणाला रामराम करत नाहीत. माणूस भेटला की थेट विचारतात, "उघडावं का न्हाई?"

बँकेच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर दवाखान्यात सलाईन लावलेल्या माणसालाही त्यांनी हे विचारलेलं मी पाहिलं आहे. भोकरदनला नवीन बदलून आलेला माणूस गोंधळतो. जुना गोंधळत नाही. तो "उघडावं" किंवा "न्हाई" एवढं सांगून आपल्या वाटेला लागतो. सलाईनवाल्यानेही मान हलवून "न्हाई" सांगितलं होतं.

प्रश्न एका सिनेमाचा आहे. 'वेशीवरचं घर' नावाचा मराठी सिनेमा पुष्कळ वर्षांपूर्वी येऊन गेला. बाकी ठिकाणी तो कधी लागला आणि कधी उतरला, कुणाला कळलंही नसेल. आमच्याकडे तो राजूरच्या जत्रेत तंबूत लागला आणि लोकांच्या डोक्यात जाऊन बसला. गोष्ट साधी आहे. बापाशी भांडून मुलगा घर सोडतो. डोक्यावरचे केस पिकल्यावर परत येतो. दिवसभर चालत घरापाशी पोचतो, कडी वाजवतो, आतून पावलांचा आवाज येतो आणि पडद्यावर अंधार होतो. सिनेमा संपला. दार उघडत नाही.

या अंधारावरून गावात दोन तट पडले ते आजपर्यंत आहेत. एक अंधारवाले, एक दारवाले. दारवाल्यांचे पुढारी बसस्टँडसमोरचे हॉटेलवाले युनूसभाई. त्यांचं म्हणणं, "येवढी बिर्याणी शिजवली, वास घेऊ दिला अन् झाकण न उघडताच बोलले, जाओ घर. ये क्या बात हुई भौ?" मी अंधारवाला. मराठी घेऊन बी.ए. करत होतो, त्यामुळे 'न दाखवण्यातच कला असते' असं मी युनूसभाईंना त्यांचाच चहा पिता पिता ऐकवायचो. ते म्हणायचे, "मंग पुढच्या बारीला तुला कप दाखवीन, चहा न्हाई."

सुदामभाऊ गावाचे केबलवाले. खांद्यावर काळ्या वायरचं वेटोळं, खिशात टेस्टर, सायकलला बांधलेली शिडी. एका खोलीत त्यांची कंट्रोल रूम, मागच्या खोलीत ते एकटेच राहतात. लग्न केलं नाही. दर रविवारी दुपारी त्यांच्या लोकल चॅनलवर 'वेशीवरचं घर' लागायचाच. खाली जाहिरातींची पट्टी पळत असायची, साडी सेंटर, बी-बियाणं, कुणाचा वाढदिवस. आणि वर सिनेमा. पण मूळचा नाही. सुदामभाऊंनी स्वतः कापून जोडलेला.

"दार उघडणारच," त्यांनी जाहीर केलं होतं. "सिनेमातच कुठंतरी आसंल ते. आपुन काढू."

आणि काढलं. सिनेमाच्या सुरुवातीला आई दूधवाल्याला दार उघडते, तेवढा तुकडा कापून त्यांनी शेवटाला जोडला. म्हणजे मुलगा कडी वाजवतो, पावलं येतात, दार उघडतं आणि आई हातात पातेलं घेऊन उभी. आई म्हणते, "आज उशीर केलास." तुकडा तिथं संपतो.

गाव हसून हसून लोळलं. अंधारवाले म्हणाले, इतक्या वर्षांनी पोरगा आला आणि माय पातेलं घेऊन उभी? वर पोरगा पिकला, माय तरणीच! शिवाय दार बाहेरून निळं, आतून हिरवं. सुदामभाऊ डगमगले नाहीत. "तिला काय माहीत कोण आलं ते? दूधवालाच वाटला आसंल. अन् रंगाचं म्हणाल तर माझ्या दाराला बी आतून हिरवाच हे. येऊन बघा घरी."

मग दुसरी आवृत्ती आली. त्यात दार उघडायला गाण्यातली बायको यायची, केसात गजरा आणि मागे दोन नाचणाऱ्या मैत्रिणी. ती एका रविवारीच बंद पडली. मग त्यांनी स्वतः शूटिंग केलं. गल्लीतल्या वेणूमावशींना नऊवारी नेसवून दार उघडायला लावलं. चॅनलवर मावशी दिसल्या मात्र, घराघरातून लोक ओरडले, "आरं, ही तर आपली वेणूमावशी!" मावशींनी कॅमेऱ्याकडे बघून हातही हलवला होता. दुसऱ्या रविवारी पातेलंवाली माय परत आली आणि तीच कायम झाली.

मी हे सगळं जवळून बघितलं, कारण माझं बी.ए. सुदामभाऊंच्या कंट्रोल रूममध्ये झालं. आमच्या खेड्यात लाईट कधी असायची, कधी नसायची. भाऊंकडे इन्व्हर्टर होता. "बस इथं, वाच. फक्त वायरीला पाय नको लावू," एवढीच अट. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. निकाल लागला त्या दिवशी चॅनलच्या पट्टीवर साडी सेंटरला थांबवून दिवसभर माझं नाव पळत होतं. माझ्या आईला वाचता येत नाही. पण भाऊंच्या टीव्हीसमोर बसलेली ती, नाव आलं असं सांगताच उठून उभी राहायची.

तिथं बसून एक गोष्ट मी पाहत आलो होतो. सिनेमाचा शेवट आला की भाऊ खोलीतला आवाज बंद करायचे आणि बाजूच्या भिंतीला कान लावून बसायचे. विचारलं की म्हणायचे, "आवाज बराबर जाऊन राह्यला का बघतो." मला ते पटायचं. केबलचं काम मला काय कळतंय?

आता मी बदनापूरला कॉलेजात शिकवतो. गावात डिश आल्या, मोबाईल आले, आणि भाऊंच्या वायरी एकेका घरातून निघत गेल्या. गेल्या महिन्यात फोन आला. "रविवारी ये. चॅनल बंद करून राह्यलो. शेवटचा शो."

गेलो. भाऊ बारीक झाले होते, आवाज मात्र तोच. सिनेमा सुरू करून ते म्हणाले, "आज पातेलंवाली न्हाई. आज खरा शेवट लावणार. अंधार."

मला वाटलं, शेवटी भाऊ आमच्या तटात आले. मी तसं म्हणालो.

"आलो? मी पहिल्यापास्नं अंधारवालाच हे."

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"राजूरच्या तंबूत मी अन् दादा संगं गेल्तो," भाऊ म्हणाले. "बाहेर आल्यावर मी म्हणलं, काय शेवट केला राव! दादा लय चिडला. म्हणला, येवढं दुरून आला गडी, दार उघडायला पाह्यजे होतं. घरी येईस्तोवर भांडत आलो."

दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ अंबादासदादा. ते शेजारीच राहतात, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. आई गेल्यावर वाटणी झाली, शब्दाला शब्द लागला आणि एका घराच्या मधोमध भिंत आली. तेव्हापासून दोघांचं बोलणं नाही. कान लावायची भिंत तीच.

"पातेलंवाली पहिल्यांदा लावली ना," भाऊ म्हणाले, "भिंतीपल्याडून दादाचं हसू आल्तं. लय मोठ्यानं. मंग मी तीच ठेवली."

गावाने डोक्यावर घेतलेला, गावाने टिंगल केलेला तो सगळा खटाटोप एका प्रेक्षकासाठी होता. मी विचारलं, "मग तुम्हीच का नाही गेलात? इतकी वर्षं?"

"गेल्तो. दिवाळीला. कडीपर्यंत हात नेला अन् माघारी आलो." ते टेस्टर बोटांत फिरवत राहिले. "वाजवली अन् न्हाई उघडलं, तर मंग संपलंच की रे. न वाजवता उघडंल असं वाटत तरी राह्यतं. त्याच्यासाठी मला अंधार आवडतो."

वर्गात 'न दाखवण्यातली कला' शिकवताना मला हे कधी सुचलं नव्हतं. मी म्हणालो, "भाऊ, आज पातेलंवालीच लावा. शेवटचा दिवस आहे."

मी, अंधारवाला, हे बोललो. पण भाऊ उठले. "न्हाई. ठरलं म्हणजे ठरलं. हसवून झालं लय. उद्यापास्नं वायर न्हाई, चॅनल न्हाई. आता त्याचं तो बघंल." आणि चहाचं दूध तापत ठेवायला मागच्या खोलीत गेले.

शेवट आला. म्हातारा झालेला मुलगा अंगणात आला. भाऊ बाहेर आले, आवाज बंद केला आणि भिंतीशी बसले. कडी वाजली, पावलं आली असतील, आणि पडदा काळा झाला. खालच्या पट्टीवर 'आभार' एवढंच पळत होतं. भिंतीपलीकडे काही नाही. हसू नाही, खोकला नाही. भाऊंनी मान खाली घातली. दूध उतू जायला लागलं तसे ते धावले, सांडशीने पातेलं उचललं, आणि तेवढ्यात कडी वाजली. आमची.

"सुदाम! आरं ए सुदाम!" बाहेरून आवाज आला. "ती पातेलंवाली माय कुठं काढून टाकली? येवढे दिवस चालू होती अन् आजच काढली?"

पातेलं खाली ठेवायचंही भाऊंना सुचेना. मी उठणार होतो, पण ते तसेच पुढे आले, डाव्या हाताने त्यांनी मला मागं सारलं आणि त्याच हाताने कडी काढली.

अंबादासदादा उघड्या दारात उभे होते, पायात वहाणा, बनियनवर. त्यांनी आधी पातेल्याकडे बघितलं. मग भावाच्या तोंडाकडे. मग पुन्हा पातेल्याकडे. त्यांच्या मिशा हलल्या.

"आज उशीर केलास," भाऊ म्हणाले.

दादा उंबरा ओलांडून आत आले आणि दाराची आतली बाजू हाताने चाचपून बघितली.

"हिरवंच हे की," ते म्हणाले आणि त्यांनी वहाणा काढल्या.