नाना बर्फावर जातात

नाना कोणाच्याही घरी गेले की आधी पाणी मागतात. अर्धा पेला पितात आणि उरलेला अर्धा फरशीवर ओततात. सांडत नाहीत, ओततात. मग खुर्चीत पुढे वाकून ते पाणी कुठे निघालंय ते बघत बसतात. आमच्या जळगावच्या फ्लॅटची वास्तुशांत झाली त्या दिवशी भटजींच्या देखत त्यांनी निकाल दिला होता, "मास्तर, तुना घरना उतार देवघरकडे शे. मोरीकडे पाहिजे व्हता." तेव्हापासून माझी बायको त्यांना अर्धाच पेला पाणी देते. ते पाव पितात.

नाना म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. शिरपूरजवळ त्यांची केळी आणि कपाशी आहे. वय अठ्ठावन्न. मी त्यांचा शालक, पण त्यांनी मला नावाने कधी हाक मारली नाही. इंग्रजी शिकवतो म्हणून मी "मास्तर". उतार हा त्यांचा एकमेव विषय. लग्नाच्या मांडवात ते आधी जमिनीचा उतार बघतात, मग नवरा-नवरी. शेतात पाण्याची पातळी मोजायची पारदर्शक नळी त्यांच्या मोटारसायकलच्या डिकीत कायम असते. एक वाक्य तर दिवसातून दहा वेळा येतं: "पानी जठे जाई, तठे जावानं." पाणी जाईल तिकडे जावं. शेतीला, प्रवासाला, सुनेच्या बाळंतपणाला, सगळ्याला हेच.

हे वाक्य जिने सगळ्यात मनापासून ऐकलं, ती त्यांची मुलगी अश्विनी. लहानपणी सरीत पाणी सोडलं की ही पोर पाण्याच्या पुढे पळायची आणि ते कुठे वळणार हे आधीच ओरडून सांगायची. सहसा बरोबर यायचं. नाना बांधावर बसून गडीमाणसांना सांगायचे, "हाई मन्ही आंडेर." ही माझी मुलगी. जणू पाणी तिच्या सांगण्यावरून वळत होतं.

ती शेतीचं पुढचं शिकायला न्यूझीलंडला गेली. सुट्टीत बर्फाच्या डोंगरावर काम करू लागली आणि तिथेच रमली. चार वर्षांपूर्वी तिने फोन करून सांगितलं, "नाना, मी आता लोकांना स्कीइंग शिकवते. पायाला पट्ट्या बांधून बर्फावरून खाली यायचं."

"घसरनं काय शिकाडनं पडस?" नाना म्हणाले. घसरायला काय शिकवावं लागतं? "हे शिकायला तिकडे पाठवली होती का तुला?"

"एकदा माझ्या वर्गात उभे राहून दाखवा, मग बोला."

"हा धंदा सोडशील तेव्हाच या घरात ये."

ती त्यांचीच मुलगी. आलीच नाही. दर रविवारी अक्काला फोन करते. तो आला की नाना गोठ्यात गाय बघायला जातात. गाय तीन वर्षांपूर्वी विकली.

असं असताना दोन-अडीच वर्षांपूर्वी नाना एका दुपारी सलीमभाईंच्या जिनिंगमध्ये गेले, पायांना बांबूच्या दोन चिपा बांधल्या आणि कापसाच्या ढिगावर चढले. पांढरा आणि उतरता, एवढ्या दोनच गोष्टी त्यांनी पाहिल्या होत्या. पहिल्याच पावलाला कमरेपर्यंत आत गेले. चार हमालांनी ओढून काढलं. सलीमभाई त्यांचे तीस वर्षांचे दोस्त, शांतपणे म्हणाले, "नाना, ये कपास है. इसमें आदमी फसता है, फिसलता नहीं."

मग नाना केळीच्या ओल्या सोपटांवर आले. केळीचा खांब सोलला की जी गुळगुळीत पाणीदार सालं निघतात ती. पायाखाली दोन सोपटं, आणि पाटाच्या भरावावरून सुसाट खाली. हे मात्र जमलं. इतकं जमलं की थांबायचं कसं ते कळेना. मनगटाला प्लास्टर घातलं, डॉक्टरांनी विचारलं कसं झालं, तर नाना म्हणाले, "व्यायाम."

त्या व्यायामामागे काय होतं हे शिरपूरच्या बाजारात सगळ्यांना माहीत होतं. माहीत नाही असं फक्त नानांना वाटत होतं. अश्विनीच्या कंपनीची दर हिवाळ्यात एक सहल निघायची. आधी चार दिवस शिकवणी, पाचव्या दिवशी हेलिकॉप्टर डोंगरमाथ्यावर सोडणार आणि तिथून स्कीइंग करत खाली यायचं. जाहिरातीत शिकवणाऱ्यांमध्ये तिचा फोटो होता. खाली अट होती: स्कीइंग बऱ्यापैकी आलंच पाहिजे. तर नाना ते शिकायला दोन हिवाळे औलीच्या बर्फात राहून आले. विशीतल्या पोरांच्या रांगेत, आमच्या अक्काने विणलेली माकडटोपी घालून. दुसऱ्या वर्षी तिथल्या शिक्षकाने त्यांना पास केलं आणि हात जोडून सांगितलं, "बाबूजी, अब ब्रेक लगाना आ गया."

मी विचारलं, "एवढं करण्यापेक्षा सरळ तिच्या घरी का नाही जात?"

"मास्तर, जिला आपल्या दारात येऊ नको म्हटलं, तिच्या दारात बिनबोलावता जावानं का? लोक थुंकतील." मग म्हणाले, "गिऱ्हाईकाले कोन्ही अडवत नही."

आणि दुभाषा म्हणून मला घेतलं. सत्तावीस वर्षं मी इंग्रजी शिकवतोय. बोलायचा प्रसंग कधी आला नव्हता.

इकडे पोळ्याची तयारी चालली होती आणि तिकडे भर हिवाळा. अक्काला थंडी सोसत नाही, म्हणून ती आली नाही. पण तिने अश्विनीसाठी बिबडे दिले. ज्वारी आंबवून, शिजवून, उन्हात वाळवलेले हे आमच्याकडचे पापड. नाना म्हणाले, "गिऱ्हाईक डबा लई जास का?" गिऱ्हाईक कधी डबा घेऊन जातं का? आणि स्वतःच्याच बॅगेत नीट ठेवले. तिकडच्या विमानतळावर अधिकाऱ्याने ते उजेडासमोर धरले आणि हे काय म्हणून विचारलं. मी पाच मिनिटं सांगितलं. माझं इंग्रजी संपलं तेव्हा त्याने कंटाळून वास घेतला आणि आम्हाला सोडून दिलं. दुभाषा म्हणून माझं ते पहिलं यश.

मुक्कामाच्या लॉजवर आम्ही पोचलो आणि अश्विनी बाहेर आली. यादीत नाव वाचून तिला कळलेलंच होतं. लाल जाकीट, उन्हाने रापलेला चेहरा, नानांसारखीच पुढे आलेली हनुवटी. ती नानांच्या पाया पडेल असं मला वाटलं. तिने हात पुढे केला.

"वेलकम, सर."

"थँक्यू, मॅडम," नाना म्हणाले.

नंतर मला कोपऱ्यात गाठून तिने विचारलं, "मामा, हे खरंच शिकायला आलेत?"

"पास होऊन आलेत," मी म्हणालो.

ती हसली नाही. बिबडे मात्र घेतले. नानांनी ते तिला दिले नव्हते. तिच्या टेबलावर ठेवून ते बाथरूमला गेले होते. तिथून परत येऊन त्यांनी सांगितलं, "मास्तर, अठे भी पानी खालेच जास." दक्षिण गोलार्धाबद्दल एवढंच त्यांचं म्हणणं.

चार दिवस शिकवणी झाली. आमच्या गटात एक दंतवैद्य बाई, तिचा नवरा आणि दोन भाऊ होते. मी कॉफी पीत कठड्यापाशी उभा राहून बघायचो. पहिल्या सकाळी नाना सगळ्यात पुढे, छाती काढून. अश्विनीने त्यांना सगळ्यात मागे नेऊन उभं केलं. "सर, गुडघे वाकवा. सर, आपल्या पायांकडे बघू नका." लेकीने बापाशी बोलावं तसं तिने त्यांच्याशी बोलावं म्हणून मी देव पाण्यात घातले होते. ती मराठीत बोलायची, पण 'सर' सोडायची नाही. आणि नाना? ज्या माणसाने कृषी अधिकाऱ्यालाही उतार शिकवला, तो "हो मॅडम" म्हणून पुन्हा चढायचा आणि पुन्हा करायचा. तिसऱ्या दिवशी ते वळण बरं घ्यायला लागले, तेव्हा दंतवैद्य बाईने टाळी वाजवली. अश्विनीने वहीत काहीतरी लिहिलं. रात्रीच्या जेवणाला नाना मला हळूच म्हणाले, "शिकाडस चांगलं." आणि सूपमध्ये तोंड घातलं.

पाचव्या दिवशी हेलिकॉप्टर. मला उंचीची भीती, म्हणून मी डोळे मिटून चढलो आणि मिटूनच राहिलो. वैमानिकाने गटाला माथ्यावर सोडलं, मला घेऊन तो डोंगराच्या पायथ्याशी उतरला आणि आम्ही वर बघत बसलो. त्याच्याजवळ दुर्बीण होती आणि गटातल्या सगळ्यांकडे होता तसा वायरलेस. वर सहा ठिपके दिसत होते. लाल ठिपका पुढे, बाकीचे त्याच्या रेषेवरून एकेक करून. नानांचा निळा ठिपका शेवटी.

अर्ध्या उतारावर उजवीकडे एक सुंदर घळ होती. गुळगुळीत, खोल, थेट खाली येणारी. मी शहरात राहणारा, पण मलाही कळलं की पाणी इथूनच जाणार. आणि निळा ठिपका हळूहळू उजवीकडे वळायला लागला.

वायरलेसवर अश्विनीचा आवाज फुटला. "नाना! थांबा. तठे नही."

पाच दिवसांत पहिल्यांदा 'नाना'. वैमानिकाला शब्द कळले नाहीत, पण तो ताठ बसला. निळा ठिपका घळीच्या काठावर थांबला. औलीच्या त्या शिक्षकाचं भलं होवो. लाल ठिपका आडवा चढत त्याच्याकडे गेला. तिचं बटण दाबलेलंच राहिलं असावं, कारण आम्हाला खाली सगळं ऐकू आलं.

"पानी जाई तठे जावानं ना," नानांचा धापा टाकणारा आवाज.

"पाणी जिथून जातं, बर्फही तिथूनच कोसळतं, नाना. आपलं वजन पडलं की वरचं सगळं खाली येतं. म्हणून आम्ही पाण्याची वाट आधी ओळखतो आणि ती सोडतो. डोंगराच्या धारेने, उंचवट्यावरून जायचं."

मग नाना म्हणाले, "हाई माले कोन्ही सांगं नव्हतं."

"मी सांगते ना. मना मांगे या."

आणि माझे मेहुणे, जे गावच्या मिरवणुकीत पालखीच्याही पुढे चालतात, ते तिच्या मागे आले. तिची रेषा त्यांनी कुठेही मोडली नाही. ती वळली की वळले, थांबली की थांबले. दुर्बिणीत मला नीट दिसेना. काचा खराब असाव्यात.

संध्याकाळी निरोपाचं जेवण झालं. तिकडची पद्धत अशी की प्रत्येकाने उठून दोन शब्द बोलायचे. दोघे भाऊ बोलले, दंतवैद्य बाई बोलली. मग नाना उठले. माकडटोपी काढली, घडी घालून खिशात ठेवली आणि मला म्हणाले, "मास्तर, इंग्रजीमा सांग." मग टेबलाकडे बघून सावकाश बोलले:

"हाई मन्ही आंडेर शे. चार वरीस मी हिनासंगे बोलनू नही. चुकी मन्ही व्हती."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उठलो, घसा साफ केला आणि म्हणालो, "सॉरी, हे मला जमत नाही." आणि खाली बसलो. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत असा उघड नापास मी पहिल्यांदाच झालो. त्या वाक्यांचं इंग्रजी सातवीच्या पोरालाही येतं.

मग अश्विनीला उठावं लागलं. तिने टेबलाची कड धरली आणि इंग्रजीत सांगितलं, "हे माझे वडील आहेत." दंतवैद्य बाईच्या हातातला काटा खाली पडला. "चार वर्षं आम्ही बोललो नव्हतो." एवढं सांगून ती थांबली, आणि बसली.

लोक टाळ्या वाजवत होते. नाना अजून उभेच होते, बोटांवर काहीतरी मोजत. मग माझ्याकडे वाकून म्हणाले, "मास्तर, मी तीन गोष्टी बोलनू. हिने दोनच सांग्यात ना?"

"हो."

"मंग तिसरी तू सांग."

मी अश्विनीकडे बघितलं. तिने डोळे पुसले, शेजारची खुर्ची ओढली आणि म्हणाली, "ती कोणाला सांगायची नाही, नाना. ती माझी आहे. बसा आता."

नाना बसले.