काकाजींची गोळी अजून ठरायची आहे

हरीण मारायला माणसाच्या अंगात नेमकं काय असावं लागतं, हे तुम्ही कधी स्वतःला विचारलं आहे का? धैर्य म्हणाल, तर हरणाला ना सुळे, ना पंजे. नेम म्हणाल, तर जीपवरचा दिवा डोळ्यांवर पडला की ते बिचारं स्वतःच उभं राहतं. आमचे शेजारी केशवराव बोंद्रे यांचं उत्तर तिसरंच होतं. "वेळ लागते," ते म्हणायचे. "घाई हरणाले असते गा, आपल्याले नसते."

हे सांगताना ते बहुधा परसात बादलीसमोर उकिडवे बसलेले असत आणि बादलीत कागदांचे गठ्ठे भिजत असत. ओल्या गठ्ठ्यावर रिव्हॉल्व्हर झाडायचं आणि मग एकेक कागद सोलत गोळी कुठवर गेली ते पाहायचं, हा त्यांचा छंद. ओला कागद म्हणजे हरणाचं अंग, असं त्यांचं म्हणणं होतं.

उमरेड रोडवर वस्ती संपते तिथलं शेवटचं घर त्यांचं, अलीकडचं आमचं. मागे मोकळं रान आणि पडक्या विहिरीतून काढलेल्या मातीचा उंच ढीग. चुकलेल्या गोळ्या त्या ढिगात जात. काटोलची संत्र्याची बाग त्यांनी भावांच्या हवाली केली होती. मूलबाळ नव्हतं. घरात ते आणि काकू. सगळा मोहल्ला त्यांना काकाजी म्हणायचा.

माझे वडील छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. आमच्या घरी अंकलिपीच्या आधी पत्रकं आली. मी आयुष्यात वाचलेले पहिले दोन शब्द 'जाहीर निषेध' हे होते. त्यामुळे कॉलेजात गेल्याबरोबर मीही एक पत्रक काढलं, 'हरीण मारणारा शूर नव्हे'. कारण माझ्या डोळ्यांसमोर होतं. दर शनिवारी शहरातल्या बड्या लोकांच्या जीपगाड्या आमच्या दारावरून भिवापूरकडच्या जंगलात जायच्या आणि रविवारी परत यायच्या तेव्हा मागच्या फळीवरून चार पाय लोंबत असायचे. मी रस्त्यावर उभा राहून प्रत्येक जीपमध्ये पत्रक टाकायचो. जीपवाले त्याच पत्रकाने गाडीची काच पुसायचे.

भला मोठा गठ्ठा उरला. काकाजी म्हणाले, "सगळा मले दे." एक शिकारी सुधारला म्हणून मी हरखलो, गठ्ठा सुतळीने बांधून नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी परसातून बार ऐकू आला. कुंपणावरून पाहतो तर माझा निषेध बादलीत.

"काकाजी, काय करून राहिले तुम्ही हे?"

"पाय ना. वर्तमानपत्राचा लगेच लगदा होते. तुझा कागद जाड आहे, गोळी चांगली धरते."

"त्याच्यावर काय लिहिलं ते वाचलं का?"

"वाचलं. खरं लिहिलं तू. आता सरक तिकडं अन् कान झाक."

रायफल घरोघरी झाली होती, म्हणून त्या वर्षांत शिकाऱ्यांना रिव्हॉल्व्हरने चितळ मारण्याची हौस सुटली होती. जवळ जावं लागतं, म्हणजे मर्दुमकी जास्त. पण काडतूस कोणतं घालायचं? ते विचारायला जीपा काकाजींच्या दारात थांबायच्या आणि काकाजी प्रत्येक काडतुसात खोट काढायचे. अडतीस बोअरची गोल नाकाची शिशाची गोळी? "सुईसारखी जाते. हरणाले समजतच नाही का ते मेलं. पळते अन् कुठंतरी नाल्यात जाऊन मरते." पंचेचाळीसची? "बैलगाडी आहे ती." नरम टोकाची? "रायफलीतून फुलते. या आखूड नळीतून तिले फुलायले जोर कुठून येईल?" सपाट नाकाची त्यांना जरा बरी वाटायची, पण तिच्यावरही ते तासभर बोलायचे. आणि काडतूस आणि गोळी यांना एकच समजणाऱ्याची तर धडगत नसे. "काडतूस म्हणजे अख्खा डबा, बाप्पा. गोळी म्हणजे त्यातली भाकर. तू काय डबा पाहून जेवते?"

मला हा माणूस शिकाऱ्यांचा गुरू वाटायचा. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. एका शनिवारी दुपारी मात्र कुंपणाशी उभा राहिलो, कारण आलेल्या हिरव्या जीपबद्दल मी पत्रकात लिहिलं होतं. एका मोठ्या ठेकेदाराचा मुलगा विलास, त्याचं नवंकोरं रिव्हॉल्व्हर आणि ते ज्याला दाखवायचं तो होणारा मेहुणा.

"काकाजी, चितळासाठी कोणतं काडतूस टाकू? लवकर सांगा, उजेड आहे तोवर पोचायचं आहे."

"बस ना. कोणतं आणलं?"

विलासने खिशातून काडतुसं काढली. काकाजींनी एक उचललं, हुंगलं, परत ठेवलं. मग बादलीतला गठ्ठा मातीच्या ढिगाला टेकवला. "घे, लाव नेम."

विलासने बार काढला. गठ्ठा हलला.

"आता कुठवर गेली ते पाहू. माहा चष्मा दिसून नाही राहिला. तूच सोल अन् मोज."

चष्मा त्यांच्या कपाळावर होता. विलास बसला, परीटघडीच्या पँटीसकट, आणि ओली पत्रकं एकेक करून सोलू लागला. प्रत्येकावर मोठ्या अक्षरांत तेच, हरीण मारणारा शूर नव्हे. एक कागद अर्धा फाटला.

"हा धरायचा का नाही धरायचा?" काकाजींनी विचारलं.

"धरा की."

"काहून? अर्धा कागद म्हणजे अर्धं हरीण काय? पुन्हा पहिल्यापासून मोज."

दुसरा बार. पुन्हा सोलणं. मग गठ्ठा नीट भिजलाच नाही, अशी शंका. मग काकूंचा चहा. मग काकूंचे पोहे, त्यात हात न आवरता टाकलेली भिवापुरी मिरची. डोळे पुसता पुसता मेहुण्याने एक पत्रक वरपासून खालपर्यंत वाचलं आणि विचारलं, "विलासभाऊ, यातली हिरवी जीप म्हणजे हीच काय?"

विलासने वर पाहिलं. ऊन गेलं होतं. "होऊ द्या अंधार," तो उठून म्हणाला. "दिवा लावून मारू."

काकाजी उभे राहिले. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच कोरडा ऐकला. "दिवा लावून मारायचं असन तर मले गोळी काहून विचारते? दगड घेऊन जाय."

"काकाजी, तुमचं लायसन बाबांच्या शब्दावर दरसाल नवं होते. माहीत आहे ना?"

"माहीत आहे. बाबाले सांगजो, या साली शब्द टाकू नका म्हणा. बोंद्रे अर्जच करत नाही."

विलास जीपमध्ये बसला. पण मेहुणा म्हणाला, "मले आता घरीच सोडा." जीप शहराकडे वळली. धूळ खाली बसेपर्यंत मी तसाच उभा होतो, आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. या दारात थांबलेली जीप त्या दिवशी पुढे भिवापूरकडे गेली, असं मी कधी पाहिलंच नव्हतं.

काकू कपबशा उचलत होत्या. "आता समजलं का तुले," त्या म्हणाल्या, "दर शनिवारी मी शेरभर पोहे काहून भिजवते?"

मी काकाजींना विचारलं, "पण मग बरोबर गोळी कोणती?"

त्यांनी कपाळावरचा चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. "ते मले सापडलं नाही गा. चुकीची कोणती, तेवढं माहीत आहे. एकदा भिवापूरकडंच होतो. मादी होती. गोळी लागली तरी उभीच. पाहून राहिली माह्याकडं, अन् मग गेली. लय हुडकली."

काकूंनी कपबशा आवाज न करता आत नेल्या.

काकाजींनी खरंच अर्ज केला नाही. रिव्हॉल्व्हर ठाण्यात जमा झालं. पुढे नवा कायदा आला आणि शिकारच बंद झाली. शिकारविरोधी मंडळींनी शहरात सत्काराचा कार्यक्रम ठेवला. व्यासपीठावर वन्यप्रेमी म्हणून हार घालून कोण बसलं होतं? विलासरावजी. मी काकाजींचं नाव सुचवलं तेव्हा आमच्याच मंडळींनी मला सुनावलं, "तो तर शिकारी होता." मी तिथून उठून आलो. आज पुन्हा सांगतो, ज्याला ऐकायचं त्याने ऐकावं. माझ्या पत्रकाने एकही शिकारी थांबला नाही. थांबल्या त्या गोळ्या, आणि त्यासाठी ते पत्रक काकाजींच्या बादलीत भिजावं लागलं.

आता त्यांच्या दारात जीप थांबत नाही. हेच त्यांना हवं होतं. पण शनिवारी दुपारी ते अजून अंगणात खुर्च्या मांडतात, आणि गाडीचा आवाज आला की चष्मा कपाळावर चढवतात. गाडी निघून जाते. मी जाऊन बसतो, पण माझा उपयोग नाही. "तू लगेच हो म्हणते," ते कुरकुरतात. "तुह्यासंगं मजा नाही."

म्हणून तुम्हाला विनंती आहे. शनिवारी उमरेड रोडला आलात तर शेवटच्या घरापाशी थांबा. खुर्ची ओढून बसा आणि विचारा, "काकाजी, चितळासाठी कोणती गोळी?" पोहे येतील, मिरची बाजूला काढा. घड्याळ पाहू नका. आणि त्यांनी काहीही सांगितलं तरी, कृपा करून, लवकर मान्य करू नका.