अम्मांचं गरुडदर्शन

पक्षी शोधून दाखवण्यात माझा हात धरणारा बंगळूरच्या उभ्या व्हाइटफील्डमध्ये नाही. अमेरिकेत प्रोजेक्टवर होतो तेव्हा नदीकाठच्या बर्फात तीन तास उभं राहून पांढऱ्या डोक्याचा बाल्ड ईगल पाहिलाय मी. एकेकाळी संपत आलेला तो पक्षी आता तिथे पुन्हा बक्कळ झालाय. त्यामुळे सासूबाई म्हणाल्या, "होसकोटेच्या तळ्यावर गरुड परत आलेत म्हणे, स्वल्प दाखवून आणता का?" तेव्हा मी छाती काढून म्हणालो, "अम्मा, रविवारी. दहा मिनिटांचं काम!"

त्यांचा गरुड म्हणजे आपली ब्राह्मणी घार. अंग विटकरी, डोकं पांढरं. पण बंगळूरात साडेतीनशे वर्षं मुरलेल्या या मराठी घराण्यात ती दिसली की हात जोडतात. अम्मांनी तर दर्शन होईपर्यंत कॉफीसुद्धा घ्यायची नाही असं ठरवलं. त्यांच्या घरात कांदाही शिजत नाही. रत्नागिरीचा असूनही मी लग्नानंतर मासे सोडले, याचं कौतुक त्या गेली सहा वर्षं नातेवाइकांना सांगतात. मी सोडलेले नाहीत. हे फक्त माझ्या बायकोला, नीरजाला ठाऊक आहे.

रविवारी सातला आम्ही तिघं तळ्यावर. मी दुर्बीण रोखली आणि कुणी बोलायचं नाही म्हणून दम दिला. आठ वाजले, नऊ वाजले. बगळे झाले, पाणकावळे झाले, गरुडाचा पत्ता नाही. कॉफीवाचून अम्मांचं डोकं दुखायला लागलं आणि मला फार अपराधी वाटलं.

"ते काय तिकडे," नीरजा म्हणाली.

तिकडे म्हणजे बांधावरच्या मासळीच्या टपरीवर. मासेवाला माशांची आतडी फेकत होता आणि वर सहा गरुड घिरट्या घालत होते.

मी अम्मांना आडवा आलो. "ते वेगळे, अम्मा. साध्या घारी."

"डोकं पांढरं आहे की." मला बाजूला सारून त्या तरातरा टपरीपाशी गेल्या. त्याच वेळी एका गरुडाने झेप घेऊन लांबलचक आतडं उचललं. मी डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा अम्मा हात जोडून उभ्या होत्या. डोळ्यांत पाणी होतं. "विष्णूला पाठीवर घेऊन उडायचं तर अंगात ताकद नको? सारभातावर कसं भागेल त्याचं?" मग स्वतःची पर्स माझ्या हातात देत म्हणाल्या, "पण त्याला असलं टाकाऊ नको. एक चांगला मासा घ्या. मला त्यातलं काही कळत नाही."

मला भरून आलं. त्या भरात मी मासेवाल्याने पुढे केलेला रोहू उचलला, कल्ला उघडून लाली पाहिली, पोट दाबलं, वास घेतला आणि म्हणालो, "भैया, ये कल का है. बर्फ के नीचे वाला दिखाओ."

मागे नीरजा एकाएकी मन लावून पक्षी बघू लागली.

"सरी, बरं तर," अम्मा म्हणाल्या. "दोन घ्या. एक गरुडाला. आणि आमच्या नातेवाइकांत तुम्ही मासे अजून सोडलेलेच आहेत, लक्षात ठेवा."