जागचे हलू नये

इमारत भूकंपात टिकते की नाही, हे भूकंप झाल्यावर कोणीही सांगू शकतं. त्यासाठी सरकारी खातं लागत नाही. भूकंपाच्या आधी सांगायचं तर मात्र शास्त्र लागतं, आणि शास्त्र म्हटलं की परिपत्रक आलंच.

इमारतींची भूकंपसहनशीलता मोजणाऱ्या खात्याचं मूळ परिपत्रक अगदी आटोपशीर होतं. 'धक्का बसल्यावर जागचे हलू नये. आवाज करू नये. धक्का ओसरताच पूर्ववत व्हावे.' कोणी हलू नये, एवढंच त्यात लिहायचं राहून गेलं होतं. विचारायला जावं, तर ते लिहिणारे अभियंते निवृत्त होऊन मुलीकडे राहायला गेलेले (बैठ्या घरात). तेव्हा खात्याने बराच काळ खल करून निष्कर्ष काढला, की इमारतीला वाचता येत नाही, त्यामुळे तिला उद्देशून कोणी सूचना लिहिणार नाही. सबब ही सूचना रहिवाशांसाठी असावी.

तेव्हापासून मूल्यमापन सुटसुटीत झालं. पथक येतं, घराघरांत एकेक तपासनीस बसतो, जिन्याच्या पोकळीतून वाळूचं पोतं खाली सोडलं जातं आणि कर्ण्यावरून 'भूकंप!' असं पुकारलं जातं. रहिवासी दचकल्यास एक गुण कमी. 'आई गं' म्हटल्यास दोन. पलंगाखाली शिरल्यास पाच (पलंग शेजाऱ्यांचा असल्यास सात). एक जरी माणूस पळत रस्त्यावर आला, तर इमारत नापास. मग खातं स्वखर्चाने तिला टेकू देतं, नवे खांब घालतं. उत्तीर्ण इमारतीला फलक मिळतो. तो डिंकाने चिकटवावा, खिळा ठोकू नये, अशी तळटीप आहे.

या पद्धतीचे फायदे डोळे दिपवणारे आहेत. पूर्वी खांब आणि तुळया तपासत, तेव्हा निम्म्या इमारती नापास व्हायच्या. आता शंभरात दोन होतात, आणि त्यातल्या एकीत तान्हं बाळ असतं.

या खात्यात एक तपासनीस होता. खिशात कायम ओळंबा बाळगायचा, म्हणून सगळे त्याला ओळंबाच म्हणत. (भिंत सरळ आहे की नाही हे बघायची त्याची जुनी खोड होती. खात्याने त्याला दोनदा समज दिली होती.) त्याला लहानाचं मोठं केलं ते मावशीने. मावशीचं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि त्याच्या बरोब्बर खाली तळमजल्यावर व्यायामशाळा. व्यायामशाळेच्या मालकाने आरशाच्या आड येतो म्हणून एक खांब काढून टाकला होता. ते पाहिल्यापासून ओळंबाची झोप उडाली. तो साहेबांकडे गेला.

साहेब म्हणाले, "परिपत्रकात खांब कुठे आहे, दाखवा."

खांब व्यायामशाळेतही नव्हता आणि परिपत्रकातही नव्हता. उरला एकच मार्ग: इमारत नापास होणं. मूल्यमापन तोंडावर आलं होतं आणि बाकीचे रहिवासी ढिम्म बसण्याचा सराव करत होते. (दुसऱ्या मजल्यावरच्या वकिलांना तर घरात पाहुणे आले तरी कळेनासं झालं होतं.) तेव्हा पळायचं ते मावशीनेच.

अडचण एवढीच, की मावशी निवृत्त मुख्याध्यापिका होती. भीती ही इतरांना वाटायची गोष्ट, अशीच तिची समजूत.

"मावशी, काही नाही, फक्त ओरडत खाली पळायचं."

"या वयात? आणि लोक काय म्हणतील?"

"अगं, खालचा खांब काढलाय! घर अंगावर येईल."

"पडायचं असतं तर तू गणितात पास झालास त्या दिवशीच पडलं असतं."

ओळंबा तिच्यासमोर जमिनीवरच बसला. "मावशी, तुला काही झालं तर मला दुसरं कोण आहे गं?"

मावशीने चष्मा काढून उगाचच पुसला. "बरं, पळेन. पण 'आई गं' म्हणायची नाही. वाईट सवय आहे ती."

मग शिकवणी सुरू झाली. छातीवर हात कसा ठेवायचा, डोळे कसे विस्फारायचे. मावशीने डोळे विस्फारले की ओळंबालाच न केलेला गृहपाठ आठवायचा.

मूल्यमापनाच्या दिवशी साहेब स्वतः मावशीच्या घरी येऊन बसले. मावशीने त्यांना चहा दिला. ओळंबा दाराशी उभा. त्या दिवशी ठेकेदाराच्या हातून चूक होऊन पोतं काठोकाठ भरलं गेलं होतं. ते खाली आदळलं आणि इमारत खरोखरच हलली. खाली आरसा फुटला. कपाट खोलीच्या या टोकाहून त्या टोकाला चालत गेलं. छताचा हातभर गिलावा सुटून साहेबांच्या कपात पडला. साहेब कपासकट तीन मजले उतरून रस्त्यावर पोहोचले (ते रहिवासी नसल्याने त्यांचं पळणं धरलं नाही).

मावशी उठली. तिने छातीवर हात ठेवला, डोळे विस्फारले. ओळंबाने मनातल्या मनात हात जोडले. तेवढ्यात शेजारच्या घरात एक खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, आणि मावशीच्या तोंडून उभ्या नोकरीची सवय बाहेर पडली.

"एकानेही जागचं हलायचं नाही!"

कोणीही हललं नाही. व्यायामशाळेतला मालक वजन डोक्यावर धरून तसाच उभा राहिला. इमारतीला पैकीच्या पैकी गुण मिळाले, आणि साहेबांनी ते रस्त्यावरूनच जाहीर केले.

ओळंबा त्या रात्री रडला. मावशी घर सोडायला तयार नव्हती, तेव्हा तोच आपलं बिऱ्हाड घेऊन तिच्याकडे राहायला गेला. पण तिथे पडल्या पडल्या त्याला एक गोष्ट सुचली. तपासनीस समोर बसलेला असला की माणूस शूर होतो. एकटा वाचत बसलेला माणूस मात्र खोटं वागत नाही. त्याने साहेबांना पटवलं, की पोती महाग पडतात, त्यापेक्षा लेखी मूल्यमापन करावं. एका इमारतीची हकिगत लिहायची आणि घरोघर वाचायला द्यायची. गिलाव्याच्या वाक्याशी ज्याची नजर आपल्या छताकडे जाईल, त्याची इमारत नापास.

पहिली प्रत त्याने मोठ्या आशेने मावशीला दिली. तिने शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या आणि मान वर न करता परत केली.

दुसरी प्रत आपल्या हातात आहे. गिलावा पडला तेव्हा ज्यांनी वर पाहिलं, त्यांचं अभिनंदन. त्यांच्या इमारतीच्या दुरुस्तीला माणसं निघाली आहेत. ज्यांनी पाहिलं नाही, ते उत्तीर्ण झाले. त्यांच्याकडे कोणी येणार नाही.

नाही, आता पाहून उपयोग नाही.