आधी गाडी, मग नवरदेव

आमच्या गल्लीतल्या कौसाआत्या सोयरिकी जुळवतात. पण पोरगा काय करतो, शेती किती, हे त्या शेवटी विचारतात. पहिला प्रश्न एकच असतो. "पोरीच्या माहेरापासून सरळ गाडी हाय का?"

एकदा एक पाव्हणे आले. पोरगा पदवीधर, बारा एकर बागायत, दारात ट्रॅक्टर. आत्यांनी चहा पाजला आणि विचारलं, "गाडी किती ठिकाणी बदलावी लागती?"

"दोन ठिकाणी."

"मग त्याला शेजारच्या गावची पोरगी बघा. लई चांगला पोरगा हाय."

पाव्हण्यांनी ट्रॅक्टरची आठवण करून दिली. आत्या म्हणाल्या, "ट्रॅक्टरवर बसून पोरगी माहेरी येणार व्हय?"

वाळूजच्या कंपनीतला एक मुलगा मात्र त्यांनी न बघताच पास केला होता. कंपनीची बस दारापर्यंत येते म्हणून. त्या बसमध्ये बायकोला बसू देत नाहीत हे कुणीतरी सांगितलं, तेव्हा पंधरा दिवस त्यांनी त्याला नापास धरलं.

आत्यांना वाचता येत नाही. मी चौथी शिकलेली, म्हणून स्टँडवरचा तक्ता वाचून दाखवायला मला नेतात. एकदा ऐकलं की त्यांना पाठ. लग्नपत्रिकेत कुलदैवताच्या नावाखाली त्या गाडीची वेळ छापायला लावतात. हे कशाला, असं एकदा मी विचारलं. त्या म्हणाल्या, "पोरगी रडत गाडीत चढली तर चालतंय. पण रडत फाट्यावर दुसऱ्या गाडीची वाट बघत उभी ऱ्हायली, तर शिव्या मला लागत्यात."

मग माझ्याच लेकीला, मनीषाला बोरमाळचं स्थळ आलं. मुलगा चांगला, माणसं साधी, मनीषालाही पसंत. पण गाडी खुलताबादपर्यंतच. पुढं काळी-पिवळी जीप, तीही भरली तर निघणार. मी मनात म्हटलं, झालं, हे स्थळ गेलं.

आत्यांनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "पोरगा बदलायचा नाय. गाडी पुढं न्यायची."

आत्या एसटीच्या डेपोत जाऊन बसू लागल्या. शेवटी एक साहेब म्हणाले, गुरुवारी बोरमाळच्या फाट्यावर येतो, प्रवासी दिसले तर बघू. आत्यांनी लगेच आमचा घर बघायचा कार्यक्रम गुरुवारीच ठरवला. आमच्याकडची वीस माणसं नेली. परतताना मुलाकडचीही तेवढीच फाट्यावर उभी केली. कुणी काय सांगायचं ते आदल्या दिवशी पाठ करून घेतलं होतं.

साहेब वही घेऊन आले. "कुठं चाललात?"

मुलाचे चुलते म्हणाले, "दवाखान्यात."

माझे मालक म्हणाले, "कोर्टात." आयुष्यात कोर्टाची पायरी न चढलेला माणूस.

माझ्या दिराची पाळी आली. त्यांना बाजार सांगायचा होता. ते म्हणाले, "आम्ही पोरगा बघाया आलतो. पसंत हाय."

साहेबांनी वही मिटली. "आजी, हे सगळं वऱ्हाड तुम्ही आणलंय?"

मला तर जमिनीत जावंसं वाटलं. आत्या शांत होत्या. "आणलं. खोटं बोलाया लावलं, ती चूक माझी. पण साहेब, उद्या पोरगी इथं नांदाया येईल. तिची आई येईल. दिवाळीला भाऊ न्यायला येईल. बाळंतपणाला ती जाईल, मग तिची लेकरं मामाकडं जातील. ती माणसं बी मोजा की. अजून फाट्यावर उभी नाय, एवढंच."

साहेब हसले. म्हणाले, "महिनाभर चालवून बघतो. माणसं नसली तर बंद."

लग्न झालं आणि त्याच आठवड्यात गाडी सुरू झाली. आत्या रोज दुपारच्या गाडीनं बोरमाळला जाऊ लागल्या. पंच्याहत्तरी उलटल्यानं त्यांना पैसे पडत नाहीत, पण कंडक्टरला तिकीट फाडावंच लागतं आणि डोकं मोजलं जातं. गाडी तिथं अर्धा तास थांबून फिरते. त्या तिच्याच बरोबर परत यायच्या आणि मला सांगायच्या, "पोरगी बरी हाय. आज अठरा डोकी होती."

ती गाडी पुढं कायम झाली. पण मला त्या महिन्याचा शेवटचा दिवस सांगायचा आहे.

त्या दिवशी आत्यांना ताप भरला. मला बोलावून म्हणाल्या, "सुमन, आज तू जा. शेवटाला माणूस कमी पडाया नको."

मी कधी एकटी गाडीत बसले नव्हते. कंडक्टरला गावाचं नाव दोनदा सांगावं लागलं.

बोरमाळला मनीषा गाडीपाशीच उभी होती. मला बघून हरखली, पण नजर माझ्या मागं. "आत्या कुठंयत?"

तिनं घरी नेलं. तेलाची वाटी काढून ठेवलेली होती. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "आत्यांसाठी. त्या आल्या की सांगतात, मला काम सांगू नको बरं, मी माहेरी आलीय. मी ताट वाढते, डोक्याला तेल लावते. निघताना शिदोरी मागून घेतात."

सगळ्या गल्लीला कामाला लावणारी बाई ती.

"आत्या स्वतःच्या लग्नानंतर दोनदाच माहेरी गेल्या म्हणे," मनीषा म्हणाली. "तिसऱ्यांदा निघाल्या, तर मधल्या फाट्यावर पुढची गाडी निघून गेली होती. रात्र पडायच्या आत तिथूनच माघारी फिरल्या. मग कुणी पाठवलंच नाही."

हॉर्न वाजला. मनीषानं दोन गाठोडी माझ्या हातात दिली, एक माझं, एक आत्यांचं.

घरी आले तर आत्या पडूनच होत्या. "किती डोकी होती?"

"तेवीस."

"तुला धरून?"

"मला धरून."

त्यांना बरं वाटलं. मग मी गाठोडं पुढं केलं. "मनीषानं तुमच्यासाठी दिलंय."

त्यांनी हात लावून बघितलं. भाकरी अजून मऊ होत्या.

"तू मागितलंस?"

"नाही."

"न मागता दिलं?"

"व्हय, आत्या."

त्यांनी गाठ सोडली नाही. गाठोडं उशाशी घेतलं आणि भिंतीकडं तोंड करून निजल्या.